पेशंटची परवानगी

“अगं, मरायला टेकलोय मी, आणि तू सांगतेस कुणाला? मला सांग ना!”

सर पलंगावर ताडकन उठून बसले. नर्स झालेली मुलगी दचकली. तिने नुकताच एक कोरा कागद रिपोर्ट म्हणून वाचला होता, चेहरा पाडला होता, आणि पेशंटची बहीण झालेल्या मला दंडाला धरून कोपऱ्यात नेऊन कुजबुजायला सुरुवात केली होती. तिचं काही चुकलं असं मला तरी वाटलं नव्हतं. बाकांवरच्या मुली तोंडासमोर वह्या धरून हसत होत्या.

“पण सर, पेशंटला एकदम कसं सांगायचं? धक्का बसेल ना,” ती म्हणाली.

“आणि यांना बसणार नाही?” सरांनी माझ्याकडे हात केला. “पोट माझं, रिपोर्ट माझा, मरण माझं. मध्येच या कोण? तिकडे परदेशात पहिला हक्क पेशंटचा. त्याला सगळं सांगायचं, समजेल असं, सावकाश. तो ‘हो’ म्हणाला तरच घरच्यांना. ‘नको’ म्हणाला तर बायको असो, मुलगा असो, तोंड उघडायचं नाही. इथे आपण नेमकं उलटं करतो. सगळ्या आळीला माहीत असतं, फक्त पेशंटला नसतं. दर परीक्षेला आपल्या मुली याच प्रश्नावर आपटतात.”

मुलींनी माना डोलावल्या. सर पुन्हा आडवे झाले आणि पोटावर हात दाबून असे काही कण्हले की खालच्या दुकानात हातोडीचा आवाज थांबला.

आमचा क्लास सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर होता. पुढे दोन खोल्या क्लासच्या, मागे एक खोली आणि स्वयंपाकघर सरांचं. परदेशात नोकरीला निघालेल्या नर्सना तिकडची भाषा शिकवायची, हा सरांचा धंदा. लिहिणं-वाचणं कुणीही शिकवेल, पण तोंडी परीक्षेत समोर पेशंट बसवतात आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायला लावतात. तिथे भल्याभल्यांची बोबडी वळते. म्हणून सर रोज पेशंट व्हायचे. जहाजावरचा आचारी, हट्टी म्हातारी, पाय मोडलेला फुटबॉलवाला. औषध फेकून द्यायचे, नर्सवर डाफरायचे, खोटंखोटं बेशुद्ध पडायचे. नाटकात गेले असते तर नाव काढलं असतं, असं मी त्यांना म्हणायची. ते म्हणायचे, नाटकात रोज रोज मरू देत नाहीत.

मी तिथली पडेल ते काम करणारी. नावं नोंदवायची, कुलूप उघडायचं, चहा टाकायचा आणि गरज लागेल तशी बहीण, बायको नाहीतर सासू व्हायचं. दाराशी बसून बसून ती भाषा माझ्याही कानात मुरली, पण ती सगळी दुखण्यांची. तिकडे नेऊन सोडलं तर मला भाजी घेता येणार नाही की रस्ता विचारता येणार नाही. मात्र कळ कुठून निघते, कुठे जाते, जळजळ आहे की ठणका, हे मी घडाघडा सांगेन.

सर स्वतः तरुणपणी तिकडे होते. एका इस्पितळात पेशंट इकडून तिकडे न्यायचं काम करायचे. चांगलं बस्तान बसत आलं होतं. एक दिवस घरून निरोप आला, वडील अत्यवस्थ, ताबडतोब निघ. हातातलं काम टाकून निघाले. घरी पोचले तर वडील दाढी करून ओट्यावर बसलेले. म्हणाले, “एवढ्यात कसा आलास? सुट्टी लागली वाटतं?” पुढे ते कैक वर्षं ठणठणीत जगले. सरांना मात्र परत जायला मिळालं नाही, मधेच काम सोडून गेलेला माणूस म्हणून तिकडचं दार बंद झालं ते झालंच. हा किस्सा ते प्रत्येक बॅचला हसत सांगायचे. मी इतक्यांदा ऐकला, पण मला कधी हसू आलं नाही.

त्यांना एक मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिची आई लवकर गेली. भिंगरी आमच्या क्लासच्या शेवटच्या बाकावर वाढली. तिथेच अभ्यास, तिथेच झोप, वेण्या घालायला मी. पुढे ती नर्स झाली, एका वॉर्डची प्रमुख झाली, आणि एक दिवस रीतसर नाव नोंदवून त्याच बाकावर विद्यार्थिनी म्हणून येऊन बसली.

सरांनी तिला जितकं छळलं तितकं कुणाला छळलं नसेल. वर्गात ‘बाबा’ म्हणायचं नाही, ‘सर’. सर पेशंट झाले की तिला हसू फुटायचं. सर तसेच पडून राहायचे. तिचं हसणं संपेपर्यंत पेशंट पेशंटच. एकदा ती वैतागून म्हणाली, “बाबा, उठा ना आता, मला भूक लागलीय,” तर सरांनी त्याच भाषेत विचारलं, “सिस्टर, आपण कुणाशी बोलताय?” ती पाय आपटत स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तोंड धुऊन परत आली आणि पलंगाजवळ उभी राहून म्हणाली, “माफ करा. आपल्याला कुठे दुखतंय?” सरांनी पडल्या पडल्या माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

ती निघाली त्या दिवशी सर तिला सोडायला गेले नाहीत. दुसऱ्या बॅचची परीक्षा जवळ आलीय म्हणाले. मी टॅक्सीपर्यंत गेले. भिंगरीने मला मिठी मारली आणि म्हणाली, “मावशी, त्यांना वेळेवर खायला लाव. आणि काही झालं तर मला सांगायचं. त्यांच्यावर विसंबू नकोस. पक्के नाटकी आहेत.”

“सांगेन गं,” मी म्हणाले. वरून सरांचा आवाज येत होता. कुणीतरी चुकलं असावं.

तिकडे गेल्यावर तिचे सुरुवातीचे महिने कठीणच गेले. इथे तिच्या एका हाकेवर वॉर्ड हलायचा. इथली भाषेची परीक्षा देऊन गेली तरी तिथे नर्सची तोंडी परीक्षा वेगळी, ती होईपर्यंत ती शिकाऊ. फोनवर सांगायची, खोलीच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते, पण ती खूप स्वच्छ भिंत आहे. डबा खाताना शेजारचा माणूस बोलत नाही. ती एकदा आपणहून बोलली तर त्याने पटापट डबा संपवला. सर हसायचे. “होतं तसं. वर्षभराने तूही गप्प बसशील आणि मग इथे येऊन आम्ही किती बोलतो म्हणून नाक मुरडशील.”

आणि मग तिच्या हातून तीच चूक झाली, जी मुलींच्या हातून होऊ नये म्हणून सरांनी जन्म घालवला होता. तिच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचा मुलगा रोज कॉरिडॉरमध्ये उभा राहायचा, आत यायला घाबरायचा. भिंगरीला त्याची दया आली. तिने त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, फार दिवस नाहीत, काय बोलायचं ते बोलून घ्या. मुलगा आत जाऊन बापाच्या गळ्यात पडला. म्हाताऱ्याला कळलं आणि त्याने तक्रार केली. मला मुलाला हे माझ्या पद्धतीने, माझ्या वेळेला सांगायचं होतं, माझी शेवटची गोष्ट हिने हिसकावून घेतली, असं तो म्हणाला. भिंगरीला लेखी ताकीद मिळाली. पुन्हा असं घडलं तर घरी.

तिने रडत फोन केला. “बाबा, मी वाईट हेतूने नव्हतं हो केलं.”

“माहीत आहे,” सर म्हणाले. “पण त्या माणसाचं बरोबर आहे.”

मला सरांचा इतका राग आला की मी कपबशी आपटली. पोरगी तिकडे एकटी रडतेय आणि हे निकाल देतायत. सर फोन ठेवून खिडकीशी गेले. म्हणाले, “बाई, आता ती ही चूक जन्मात करणार नाही.” आवाजात समाधान होतं की दुःख, तेव्हा मला कळलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी सर खरंच आजारी पडले. आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण पोटावर हात दाबून वाकणं हे त्यांचं रोजचंच. मग पँट कमरेवर ठरेना. मग एका सकाळी उजेडात मला त्यांचे डोळे पिवळे दिसले आणि मी त्यांना जवळजवळ ओढत दवाखान्यात नेलं.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, सरांना म्हणाले, “बसा हं जरा बाहेर,” आणि मला आत बोलावलं. मी कोण, हेसुद्धा विचारलं नाही. स्वादुपिंडात गाठ आहे, पसरली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. काही महिने, फार तर. “त्यांना एवढ्यात काही सांगू नका,” असंही म्हणाले.

बाहेर आले तर सर बाकावर बसून माझ्याकडेच बघत होते.

“काय म्हणाले?”

“काही नाही. ॲसिडिटी वाढलीय. तिखट बंद करा म्हणाले.”

“बाई,” सर म्हणाले, “इतकी वर्षं मी तुम्हाला बहिणीचं काम देतोय. त्या कामात तुमचा चेहरा इतका चांगला कधी जमला नाही.” मग उठले, शर्ट खाली ओढला, आणि दार ढकलून आत गेले. मला त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी शांत. “डॉक्टर, आपण नापास झालात. आता मला सांगा.”

थोड्या वेळाने ते बाहेर आले. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. मी भिंगरीचं नाव काढलं तसे जिन्यातच थांबले.

“तिची परीक्षा तोंडावर आलीय. त्याआधी तिथून हलली की केलेलं सगळं वाया. पुन्हा घेत नाहीत. माझं काय झालं, तुम्हाला माहीत आहे.”

“तुमचे वडील बरे झाले होते, सर.”

“मग मीही होईन.”

“थट्टा करू नका. तिने मला बजावून ठेवलंय. मी शब्द दिलाय तिला.”

“पेशंट मी आहे,” सर म्हणाले. “माझी परवानगी नाही.”

मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण सकाळचं औषध, दुपारचं औषध, चमच्याने भरवणं, हे न बोलता किती दिवस करणार? मी रोज ठरवायची, आज फोन लावते. फोन हातात घ्यायची आणि सर मागच्या खोलीतून मला हाक मारायचे, जसं काही त्यांना भिंतीतून दिसत होतं. खोटं कशाला बोलू, मला त्या परवानगीची चीड यायची. असला कसला नियम, ज्यात बापाचं दुखणं मुलीला परकं?

क्लास त्यांनी एका जुन्या विद्यार्थिनीकडे सोपवला. भिंगरीला सांगितलं, तिला शिकवायची हौस आहे म्हणून देतोय थोडे दिवस. फोन पडला, कॅमेरा बिघडला, म्हणून आता नुसता आवाज. भिंगरीची परीक्षा आठवड्यावर आली आणि ती रोज सरावासाठी फोन करायला लागली. सर फोन स्पीकरवर ठेवून उशांना टेकून बसायचे आणि जीव ओतून कण्हायचे. एके दिवशी आचारी, एके दिवशी म्हातारी. संपलं की दोघं हसायची. हसून झालं की सरांच्या कपाळावर घाम असायचा आणि मी तो टिपायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशीचा शेवटचा सराव. दुपार होती. मी औषधाची गोळी कुटून पाण्यात कालवत बसले होते. भिंगरीने त्या भाषेत नमस्कार केला, आपलं नाव, आपलं काम सांगितलं आणि विचारलं, “आपण कोण?”

“मी शिक्षक आहे,” सर म्हणाले.

मी चमचा थांबवला. आजवर ते शिक्षक कधी झाले नव्हते.

“आपल्याला काय होतंय?”

सर सांगू लागले. पोटात वरच्या बाजूला दुखतं. पाठीत जातं. पुढे वाकलं की थोडं कमी होतं. अन्न नकोसं झालंय. कपडे सैल झालेत. डोळे पिवळे आहेत. ते एकदाही कण्हले नाहीत. हवामान सांगावं तसं सांगत होते. प्रत्येक शब्द मला कळत होता, कारण मला त्या भाषेत तेवढेच शब्द येतात.

पलीकडे काहीच ऐकू येईना. मला वाटलं फोन तुटला. सरांनीही फोन उचलून डोळ्यांसमोर धरून पाहिला.

“सिस्टर?”

“हो. ऐकतेय मी,” भिंगरी म्हणाली, त्याच भाषेत. “किती दिवस होतंय असं?”

“काही महिने.”

“डॉक्टरांनी आपल्याला काय सांगितलंय?”

“सगळं. मला सगळं माहीत आहे.”

“घरी आपली काळजी घ्यायला कोण आहे?”

“एक बाई आहेत. त्या नसत्या तर मी इतके दिवसही काढले नसते.”

इतक्या वर्षांत सरांनी मला ‘चहा बरा झालाय’ यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. मी वाटीत बघत बसले.

“आणि मुलं?”

“एक मुलगी. ती लांब असते.”

“तिला आम्ही कळवू का?”

“नाही,” सर म्हणाले.

परीक्षेत इथे एकदाच ‘का’ विचारता येतं. दुसऱ्यांदा विचारलं तर गुण जातात, पेशंटवर दबाव आणल्याचे. मुली घाईघाईने विचारून टाकतात. भिंगरीने बराच वेळ विचारलं नाही. मग विचारलं, “का नको, हे मला सांगाल?”

“कारण ती येईल,” सर म्हणाले.

खालच्या दुकानात कुणीतरी घंटी वाजवून बघत होतं. नवी घंटी असावी. मी मनात म्हणत होते, आता मराठीत बोल, बाबा म्हण, ओरड त्यांच्यावर, एकदा नापास हो. वाटी माझ्या मांडीवर कलंडली तरी मला कळलं नाही.

“आपला निर्णय मला समजला,” भिंगरी म्हणाली. आवाज स्वच्छ, एकेक शब्द सुटा. “आपल्या परवानगीशिवाय मी कुणालाही काही सांगणार नाही. आपलं मन बदललं तर मला बोलवा. केव्हाही.”

हे शेवटचं वाक्य पुस्तकातलंच होतं. क्लासमधली प्रत्येक मुलगी ते पाठ म्हणते.

मग मराठीत तिने विचारलं, “किती गुण, सर?”

“पैकीच्या पैकी.”

“झोपा आता थोडा वेळ.”

“तूही झोप. उद्या लवकर उठायचंय.”

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, “तिला कळलंय.”

“छे,” सर म्हणाले. “कळलं असतं तर रडली असती. कुठलीही गोष्ट लपवता येत नाही तिला. लहानपणापासून बघतोय.” त्यांना धाप लागली होती, पण चेहरा खुलला होता. मला म्हणाले, “बाई, काय सुंदर बोलली हो. मला सुद्धा असं जमलं नसतं.”

परीक्षेच्याच दिवशी दुपारी भिंगरीचा निरोप आला, पास झाली. मी सरांच्या कानाशी जाऊन सांगितलं तेव्हा त्यांना ग्लानी होती. तरी डोळे उघडून विचारलं, “तोंडीला काय आलं होतं?” मला ते माहीत नव्हतं. विचारून सांगते म्हणाले. मी तिला फोन लावला तर तो बंद होता. पोरींबरोबर आनंद साजरा करत असेल, असं वाटून गेलं आणि मला वाईटही वाटलं. संध्याकाळपासून सरांचं बोलणं थांबलं. हाक मारली तर पापणी हलायची, तीही रात्री बंद झाली. डॉक्टर येऊन गेले. आता कळवा म्हणाले, कुणाला कळवायचं ते.

सकाळी मी पुन्हा फोन घेऊन बसले होते. आता पेशंटकडून परवानगी येणार नव्हती आणि मला ती नकोही होती. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दारात भिंगरी उभी होती. पाठीला एक पिशवी, अंगावर तिकडचा जाड कोट, केस विस्कटलेले.

मी फोन खाली ठेवला. तिने चपला काढल्या, हात धुतले आणि सरळ मागच्या खोलीत गेली. पलंगाशी उभी राहून तिने सरांच्या डोळ्यांची पापणी वर केली, नाडी पाहिली, नखं पाहिली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “बोलणं कधी थांबलं?”

“काल संध्याकाळी.”

तिने मान हलवली. दोनतीन वेळा हलवली.

“तुला ठाऊक होतं,” मी म्हणाले.

“हो.”

“त्या दिवशीच?”

“‘शिक्षक आहे’ म्हणाले तेव्हाच. पुढचं सगळं मला पुस्तकातून ठाऊक आहे, मावशी. असं दुखणं आणि पिवळे डोळे म्हणजे काय, ते.” ती खाली बसली. “फोन ठेवल्यावर लगेच तिकीट काढलं. परीक्षेनंतरचं पहिलं.”

“परीक्षेनंतरचं!” माझा तोल गेला. इतके दिवस कोंडून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. “अगं, एक दिवस आधी आली असतीस तर बोलले असते तुझ्याशी! डोळे उघडे होते त्यांचे काल! त्याच वेळी बाबा म्हणून हाक मारायला काय झालं होतं तुला? तो पेशंट नव्हता गं, बाप होता तुझा!”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा मी लहानपणापासून ओळखते. रडायच्या आधी तिची हनुवटी थरथरते. ती थरथरली आणि थांबली.

“बापाने सांगितलं असतं तर मी त्याच क्षणी निघाले असते,” ती म्हणाली. “भांडले असते, रडले असते, काय वाटेल ते केलं असतं. बापाचं ऐकायचं नसतं, मावशी. पण त्यांनी मला बाप म्हणून सांगितलंच नाही. पेशंट म्हणून सांगितलं. आणि मी त्यांना हो म्हणाले.”

माझ्याही नकळत मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो घेऊन क्षणभर गालाशी धरला आणि सोडून दिला.

मग ती उठली. कोट काढून खिडकीत टांगला. मला म्हणाली, कोमट पाणी आण, दोन मऊ फडकी आण, आणि स्वच्छ चादर. मी आणून दिलं आणि मदतीला पुढे झाले, तर तिने खुणेने थांबवलं. ती सरांच्या कानाशी वाकली.

“बाबा, मी आलेय,” ती म्हणाली. “आता मी तुमचा उजवा हात उचलणार आहे.”

थोडं थांबली. मग हात उचलला आणि खांद्यापासून बोटांपर्यंत पुसून काढला, कोरडा केला, पुन्हा पांघरुणात ठेवला.

“आता डावा.”

पुन्हा थांबली. पुन्हा तसंच. मान, छाती, पाय. प्रत्येक वेळी आधी सांगायची, मग थांबायची, आणि मगच हात लावायची. मराठीतच बोलत होती, अगदी हळू.

“ऐकू येतं का त्यांना?” मी दारातून विचारलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. फडकं पिळून तिने ते स्वतःच्या मनगटावर लावून पाहिलं. “बाबा, आता तुम्हाला कुशीवर वळवते. पाठ पुसायची आहे. जरा दुखेल.”

आणि ती थांबून राहिली, या वेळी जरा जास्तच.